गळाला लागलेले वाचक

सार्वजनिक वाचनालयात निव्वळ पुस्तक वाचायला म्हणून आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पेपर वाचायला येणारे भेटतात. पेपरातलं शब्दकोडं सोडवायला येणारे भेटतात, आणि आपल्याआधी कुणीतरी ते पेनाने, तेही चुकीचं, सोडवून ठेवलंय म्हणून संतापणारे हमखास भेटतात. घरात झाडू-पोछा चालू असताना ‘तेवढा वेळ जरा बाहेर बसा’ असा हुकूम झालेले निवृत्त गृहस्थ भेटतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून गेला, की ज्यांना एकाएकी ललित साहित्याची गोडी लागते आणि ती नेमकी कूलरसमोरच्या कपाटापाशीच लागते, असे रसिक भेटतात. शिवाय आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही. कुणाच्या वॉर्डात ते कितव्या दिवशी आलं, हा इथला नमस्कार-चमत्कारानंतरचा पहिला प्रश्न असतो. अशा शहरात वाचनालयातल्या थंड पाण्याच्या जारवर श्रद्धा ठेवून येणारेही पुष्कळ.

ग्रंथपालाला हे सगळं ठाऊक असतं. मासेमारी करणाऱ्याला मासा उपाशी आहे की नाही याची चौकशी करावी लागते, तशी तो करत असतो. गळाला आमिष पेपरचं, पंख्याचं, गार पाण्याचं, हल्ली वायफायचं. माणूस तासभर टेकला, की काउंटरवरून हळूच प्रश्न येतो, ‘काका, दिवाळी अंक आलेत, बघणार का?’ काका नुसतं बघतात. पुढच्या आठवड्यात एक घरी नेतात. महिनाभरात वर्गणीची पावती फाटलेली असते आणि काका बायकोला सांगत असतात, की आपल्याला वाचनाची आवड लहानपणापासूनच होती.

या शहरात ही कला जुनी आहे. पाणचक्कीला जाणारे पर्यटक पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या जात्याचे फोटो काढतात आणि हौदातल्या माशांना दाणे टाकून परततात. पण बाबा शाह मुसाफिरांच्या त्या दर्ग्याच्या आवारात जात्याबरोबर ग्रंथालयही होतं, अरबी-फारसी हस्तलिखितांचं. एका आवारात पाणी, पीठ, पीर आणि पुस्तकं! आज कुणी सल्लागार कंपनी नेमून ‘बहुउद्देशीय लोकसहभाग केंद्रा’चा आराखडा करून घेतला, तर याहून काही वेगळं निघणार नाही. फक्त पीठ वगळलं जाईल आणि खर्च वाढेल.

निजामाच्या राज्यात आमिष उलट बाजूने लागलं. राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू, सभेला परवानगी हवी, आणि ती मिळण्याची शक्यता बेताची. गश्ती निशान ५३ या फर्मानाने तर माणसं जमण्यावरच पहारा बसवला होता. तेव्हा मराठवाड्यातल्या गावोगावच्या वाचनालयांत लोक पुस्तकाच्या निमित्ताने जमत आणि राजकारण बोलत. पुण्या-मुंबईहून आलेल्या पेपराभोवती चार डोकी एकत्र आली, तर ती सभा की वाचन, हे ठरवणं पोलिसाला अवघडच. एकजण मोठ्याने वाचतोय, दोघे ऐकताहेत आणि चौथा दरवाज्याकडे बघतोय, असं ते वाचन. औरंगपुऱ्याच्या बाजूच्या जुन्या वाचनालयांत आजही पेपराच्या टेबलावर राजकारण तेवढ्याच तावातावाने होतं. फक्त आता दरवाज्याकडे कुणी बघत नाही. बघायचंच झालं तर घड्याळाकडे. पाण्याची मोटर लावायची असते.

ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आद्यपुरुष म्हणजे एस. आर. रंगनाथन. १२ ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घालून ग्रंथपाल दिन साजरा होतो. त्यांची एक फार मोलाची गोष्ट मात्र भाषणांत कुणी सांगत नाही. गणिताचे हे प्राध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि आठवड्याभरात कंटाळून, मला परत कॉलेजात पाठवा म्हणून अर्ज घेऊन गेले. कारण ग्रंथालयात कुणी यायचंच नाही! शेवटी त्यांची समजूत काढून त्यांना लंडनला धाडलं. तिथे सेल्फ्रिजच्या दुकानात पट्ट्या, चाकं आणि स्क्रू जोडून हवं ते बनवता येणारं मेकॅनोचं खेळणं त्यांनी पाहिलं आणि त्यावरून पुस्तकांच्या वर्गीकरणाची नवी पद्धत सुचली. पुढे १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत इथपासून वाचकाचा वेळ वाचवा इथपर्यंत सगळं त्यात आहे. वाचक आलाच नाही तर काय करायचं, हे मात्र ते स्वतः रिकाम्या खुर्च्या बघत आठवडाभरात शिकले होते, आणि माझ्या मते तोच मूळ नियम.

वर्गीकरणावरून आठवलं. जगातली असंख्य ग्रंथालयं मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन गृहस्थाने १८७६ मध्ये काढलेल्या आकड्यांवर चालतात. त्याने धर्माला २०० ते २९९ असे शंभर आकडे दिले, त्यांतले बहुतेक ख्रिस्ती धर्मानेच अडवले, आणि समस्त हिंदू धर्म २९४.५ या एका घरात कोंबला. साहित्याचं वाटप आणखी मजेदार आहे. उर्दू साहित्याचा आकडा ८९१.४३९ आणि मराठीचा ८९१.४६. आता वली आणि सिराज या कवींच्या या गावात उर्दू आणि मराठी एका गल्लीत राहतात, एका शेअर रिक्षात बसतात आणि कित्येकदा एकाच वाक्यात नांदतात. ‘चला ना मियाँ, उशीर हो रहा’ हे वाक्य कुठल्या कपाटात ठेवायचं, ते ड्यूईने सांगितलेलं नाही. त्याच्या हिशेबाने दोघींच्या मधे अख्खी बंगाली आणि असमिया येऊन बसतात. म्हणजे शहागंजातून गुलमंडीवर जायचं, तर कोलकात्याला वळसा.

छोट्या वाचनालयांत अर्थात ड्यूई चालत नाही. तिथे दाखल अंक चालतो आणि ग्रंथपालाची स्मरणशक्ती चालते. वाचकाची मागणी शास्त्रात बसणारी नसतेच. ‘मागच्या वेळी नेलं होतं तसंच द्या, पण वेगळं.’ ‘ते लाल पुट्ठ्याचं, ज्यात तो शेवटी मरतो.’ ‘आमच्या आईंना चालेल असं, पण फार देवाचं नको.’ असल्या वर्णनावरून नेमकं पुस्तक काढून देणाऱ्या बाईंना मी पाहिलं आहे. एकदा एक सद्गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, झोप येईल असं काहीतरी द्या.’ बाईंनी एका अध्यक्षीय भाषणांच्या संग्रहाकडे हात नेला, मग काय वाटलं कोण जाणे, रहस्यकथा दिली. गृहस्थ दुसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी दुसरा भाग मागायला हजर.

या जादूचा मोबदला काय, हे सांगितलं तर हसू थांबेल, पण सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार सरकारी अनुदान. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली आणि ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयाचं अनुदान तीस हजारांवरून ४८,००० रुपये झालं. महिन्याला नव्हे, वर्षाला. त्यातलं साधारण अर्धं पगारावर खर्चायचं. हिशेब केला तर महिन्याचे दोन हजार, म्हणजे दिवसाचे सत्तर रुपयांच्या आत. एवढ्यात ग्रंथपालाने कुलूप उघडायचं, झाडायचं, पेपर लावायचे, नोंदवह्या भरायच्या, तपासणीला आलेल्या साहेबांना चहा पाजायचा, वाचनसंस्कृती रुजवायची आणि, आता नवीन कलम, डिजिटल व्हायचं.

डिजिटल होणं म्हणजे सर्वप्रथम संगणक येणं. तो येतो, त्याला नारळ फोडला जातो, अध्यक्ष कळफलकावर बोट ठेवतानाचा फोटो निघतो, आणि मग त्याच्यावर कापडी कव्हर चढतं. दसऱ्याला झेंडूची माळ घालायला ते कव्हर निघतं. ज्या ठिकाणी ते रोज निघतं, तिथे मात्र खरंच काम होतं. हजारो पुस्तकांची यादी ‘ई-ग्रंथालय’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक करून भरली जाते, आणि ती भरताना चार शिक्के उलगडतात. जुन्या पुस्तकावर आधी निजामी काळातला, मग ‘औरंगाबाद’चा, मग संस्थेचा पत्ता बदलला तेव्हाचा, आणि २०२३ नंतर नव्या नावाचा. पुस्तक बिचारं कपाटातून हललेलं नसतं, पण त्याचा प्रवास एखाद्या बदलीच्या नोकरीवाल्यासारखा दिसतो. नवा शिक्का मारायचा कुठे, हा खरा प्रश्न. पहिलं पान भरलंय, शेवटचं फाटलंय आणि मधलं गुप्त शिक्क्याचं पान कितवं, हे सांगणारे ग्रंथपाल निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेलेत.

दुसरी पायरी व्हॉट्सअॅपचा ग्रुप. ग्रंथपाल बाई उत्साहाने नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो टाकतात. त्यावर सव्वीस जोडलेले हात येतात. लगोलग सूर्योदय येतो, त्यावर सुविचार. मग एकजण विचारतो, ‘याची पीडीएफ आहे का?’ ज्या बाईंनी स्वतः रिक्षाने जाऊन ते पुस्तक विकत आणलं, दाखल केलं, शिक्का मारला, त्यांना हा प्रश्न. बाई संयमाने लिहितात, ‘पुस्तक वाचनालयात उपलब्ध आहे.’ उत्तर येतं, ‘घरी आणून देता का?’ महिन्याच्या शेवटी त्या थकीत पुस्तकांची यादी टाकतात, आणि यादी पडल्यावर दोन मिनिटांत तीन सभासद ग्रुप सोडून गेल्याचं मोबाइल जाहीर करतो. पूर्वी पुस्तक बुडवणाऱ्याला निदान दुसऱ्या गल्लीतून जावं लागे. आता ‘लेफ्ट’ होता येतं.

पण डिजिटलचा खरा मुक्काम टेबलाच्या पलीकडे, ज्येष्ठांच्या बाजूला असतो. नोव्हेंबर उजाडला, की हयातीच्या दाखल्याचा हंगाम सुरू होतो. मग गॅसचं केवायसी, नातवाच्या प्रवेशाचा अर्ज, आधारला जोडलेला पण मुलाच्या खिशात गेलेला मोबाइल नंबर. हे सगळं ग्रंथपालाच्या काउंटरवर येतं, कारण बँकेत गर्दी असते, सेतू केंद्रात पैसे लागतात आणि मुलगा फोनवर ‘बाबा, सोपंय हो’ एवढंच म्हणतो. भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी. तिच्याखाली उभे राहून एक आजोबा, कान जरा कमी असल्यामुळे, खणखणीत आवाजात म्हणतात, ‘ओटीपी आलाय! लिहा! चार... सात... दोन...’ वाचनकक्षातले चाळीस लोक मान वर करतात. ‘काका, हळू, कुणाला सांगायचा नसतो तो.’ ‘तुम्हांलाच सांगतोय ना!’ आजोबा आणखी जोरात. काम झाल्यावर बाई त्यांच्याच मोबाइलवर मराठी विश्वकोश उघडून देतात. आजोबा चष्मा सरकवून पहिल्यांदा स्वतःच्या गावाचं नाव शोधतात. सापडलं तर दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन येतात, नाही सापडलं तर विश्वकोशाच्या संपादकांना पत्र लिहायला कागद मागतात. दोन्ही प्रकारांत माणूस परत येतो, आणि बाईंना तेवढंच हवं असतं.

विद्यापीठाकडे चित्र वेगळं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. तिथल्या ग्रंथालयाला आता ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध वाचायला मिळतात, त्यामुळे संशोधकाला आपला विषय आधी कुणी हाताळलाय का हे घरबसल्या समजतं. हाताळला असेल तर काही जण विषय बदलतात, काही जण जिल्हा बदलतात. हे थांबवायला चौर्य पकडणारं सॉफ्टवेअर आलं आणि ग्रंथपालाकडे नवीनच अधिकार आला. ज्या मार्गदर्शकाने वीस वर्षांत ग्रंथपालाला साधा नमस्कार केला नव्हता, तो आता टक्केवारी विचारायला स्वतः जिना चढून येतो. आंबेडकर जयंतीच्या सुमारास मात्र वाचनाचा असा सोहळा होतो, की तिथे कुठलंच आमिष लागत नाही. बाबासाहेबांच्या अभ्यासाला अभिवादन म्हणून मुलं सलग अठरा तास वाचत बसतात. गौरव मुलांचा होतो आणि तो व्हायलाच हवा. दिवे मालवायला थांबलेला शिपाईही अठरा तास जागा असतो, त्याला प्रमाणपत्र मिळालेलं मी पाहिलं नाही.

माणूस ग्रंथालयात येत नसेल तर ग्रंथालयाने जावं, ही कल्पनाही आपल्याकडे नवी नाही. सयाजीरावांच्या बडोद्यात १९१० साली बॉर्डेन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आला आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. तमिळनाडूत मन्नारगुडीला १९३१ मध्ये बैलगाडीत ग्रंथालय थाटलं गेलं. नाशिकचं कुसुमाग्रज प्रतिष्ठान ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणत पेट्या देशोदेशी पाठवतं. आणि आमच्या शहरात हे काम एका शाळकरी मुलीने केलं.

कोरोनाने शाळा बंद होत्या. मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी हे पुस्तकविक्रेते, त्यामुळे त्यांच्या मरियमकडे पुस्तकांची ददात नव्हती. आजूबाजूची मुलं दिवसभर गल्लीत नुसती फिरत. मरियमने स्वतःची पुस्तकं पुढे ठेवली, वडिलांनी भर घातली, आणि जानेवारी २०२१ मध्ये बायजीपुऱ्यात पहिली मोहल्ला लायब्ररी सुरू झाली. पाहता पाहता त्यांची संख्या तिसाच्या पुढे गेली. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी सगळी एकत्र, ड्यूईला न विचारता. इथे कूलर नाही, जार नाही, वायफाय तर नाहीच. तरी मुलं येतात. मला वाटतं इथलं आमिष सगळ्यांत चतुर आहे: ‘अम्मी, लायब्ररीत जाते’ असं म्हटल्यावर कुठलीही अम्मी नाही म्हणू शकत नाही. घराबाहेर पडायला इतकं सज्जन कारण मुलींना दुसरं कुठलं मिळणार? पुस्तकही वाचून होतं आणि मैत्रिणीही भेटतात. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्यांनी तिथे जाऊन तासभर बसावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मांडी घालून बसावं लागेल, एवढीच अडचण.

सरकारनेही गळ टाकून पाहिला आहे. महाबळेश्वरजवळचं भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, आणि पुढच्या टप्प्यात आपल्या वेरूळचं नाव आलं. भिलारला आमिष स्ट्रॉबेरीचं आहे. वेरूळला तर कैलास लेणं आहे आणि घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंगही. तेव्हा पुस्तकाचा नंबर लेणी, दर्शन, उसाचा रस आणि परतीच्या बसची चौकशी यांच्यानंतर लागतो. तरी हरकत नाही. रस प्यायला बसलेला माणूस रिकामाच असतो.

आता शहरातला सगळ्यांत मोठा वाचकवर्ग. हा पुस्तकं घ्यायला येत नाही, सोबत घेऊन येतो. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, सरळसेवा यांसाठी आलेली मुलं-मुली. त्यांच्यासाठी गल्लोगल्ली खाजगी अभ्यासिका निघाल्या आहेत: एसी, लॉकर, वायफाय, चार्जिंगची सोय, चोवीस तास उघडं, आणि पुस्तक एकही नाही. पुस्तकं नसलेल्या अभ्यासिका भरलेल्या आणि पुस्तकांनी भरलेली वाचनालयं ओस, हे कोडं शब्दकोडेवाल्या काकांनाही सुटलेलं नाही. शहाण्या वाचनालयांनी यावर भांडण केलं नाही. मागची खोली रिकामी केली, टेबलं टाकली, फी निम्मी ठेवली.

तिथे जागेचा कायदा अलिखित पण कडक आहे. पंख्याखालची खुर्ची सकाळी सहाला पाण्याच्या बाटलीने धरली जाते, बाटली नसेल तर हेल्मेटने, आणि अगदीच नवखा असेल तर रुमालाने. रुमाल हा कच्चा पुरावा समजतात, तो खिडकीवर टांगला जाऊ शकतो. भिंतीवर जाहिरातींची कात्रणं, परीक्षेच्या तारखा, पुढे ढकललेल्या तारखा, आणि त्यांच्यावर डकवलेल्या नव्या तारखा. ग्रंथपाल बाई या मुलांच्या जेवणाच्या डब्याची, गावच्या पावसाची, सोयाबीनच्या भावाची चौकशी करतात. हॉल तिकिटाची प्रिंट काढून देतात. निकालाच्या दिवशी कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही, ते त्यांना कळतं. परीक्षेच्या पुस्तकांपलीकडचं काहीतरी या मुलांनी उचलावं, म्हणून त्यांनी टेबलाच्या टोकाला एक छोटं कपाट मुद्दाम ठेवलंय. त्यात कथासंग्रह, कादंबऱ्या, प्रवासवर्णनं. कपाटाचा उपयोग आजवर मोबाइल टेकवून व्याख्यानं बघण्यासाठी झाला.

परवा त्यांतला जालन्याकडचा एक मुलगा तलाठी झाला. पेढे घेऊन आला. बाईंच्या पाया पडला, बाईंनी डोळे पुसले, आजोबांनी ओटीपीच्याच आवाजात अभिनंदन केलं. मागच्या टेबलावरून त्याची खुर्ची रिकामी झाली का, याची दोन जणांनी दबक्या आवाजात खात्री करून घेतली. मग बाईंनी ड्रॉवरमधून सभासदत्वाचा अर्ज काढला. ‘आता परीक्षा संपल्या. आता माझं ऐकायचं.’ मुलाला एरवी ज्या सफाईने अर्ज भरायची सवय होती, त्याच सफाईने त्याने तो भरला, अनामत ठेवली, सही केली. बाईंनी त्या छोट्या कपाटातली त्यांची सगळ्यांत आवडती, पाचशे पानांची कादंबरी काढली, पदराने धूळ पुसली आणि त्याच्या हातात ठेवली.

मुलाने ती उलटीसुलटी केली. अनुक्रमणिका शोधली, सापडली नाही. शेवटची पानं चाळली, तिथे सरावप्रश्नही नव्हते. मग अगदी अदबीने त्याने विचारलं, ‘मॅडम, ह्याच्या नोट्स मिळतील का?’